पाठवताय ते आधी दाखवा: डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र डेस्कटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सगळ्यांना आहे, मग तुम्ही मोठ्या कंपनीत असा नाहीतर दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री एकट्याने एखादा ओपन सोर्स प्रोजेक्ट ओढत असा. आणि तुमच्यातले जे कोड लिहीत नाहीत पण डॅशबोर्डवरचे आकडे बघून हे फीचर ठेवा, ते उडवा असं ठरवतात त्यांना तर जरा जास्तच.

विषय टेलिमेट्रीचा. तुमचं अ‍ॅप आमच्या मशीनवर चालू असताना कुठलं बटण किती वेळा दाबलं, उघडायला किती वेळ लागला, कुठे एरर आली, कधी अख्खं कोसळलं, हे सगळं टिपून तुमच्या सर्व्हरला पाठवलं जातं ना, त्याबद्दल बोलायचंय.

आधीच सांगून टाकतो, मी याच्या विरोधात नाहीये. टेलिमेट्री म्हटलं की लगेच स्पायवेअर स्पायवेअर ओरडणारे लोक आहेत, त्यांचा राग मला समजतो पण मी त्यांच्यातला नाही. वेबसाइट चालवणाऱ्याला निदान स्वतःच्या सर्व्हरचे लॉग तरी दिसतात, तुमचं तसं नाही, तुमचं अ‍ॅप एकदा डाउनलोड झालं की ते कुठल्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर, कुठल्या अँटीव्हायरसच्या शेजारी, किती जुन्या हार्ड डिस्कवर रडतखडत चालतंय हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. बग रिपोर्ट लिहिणारा माणूस विरळा. बाकीचे एक तर अ‍ॅप परत उघडतात नाहीतर वैतागून काढून टाकतात, आणि दोन्ही वेळेला तुम्हाला पत्ता लागत नाही.

आणि या आकड्यांनी खरंच काम होतं याचे पुरावेही आहेत. विंडोज एक्सपी २००१ साली आलं तेव्हापासून ती ‘एरर रिपोर्ट पाठवू का’ विचारणारी खिडकी आपण बघतोय. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांनी त्यातून काय सापडलं ते सांगितलं होतं: साधारण २० टक्के बग ८० टक्के एरर घडवून आणतात आणि फक्त १ टक्का बग निम्म्या एररना जबाबदार असतात. म्हणजे हजार बगांच्या यादीतले कुठले दहा आधी धरायचे हे कळलं की निम्म्या लोकांचा त्रास संपतो, आणि हे घरबसल्या कुणाला सुचलं नसतं, त्यासाठी लाखो मशीनवरून आलेले रिपोर्ट एकसारख्या कारणांनुसार ढिगांमध्ये लावावे लागतात. तसंच वापराच्या आकड्यांचं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ ची रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, बनवताना कंपनीला दिसलं होतं की वर्ड २००३ मध्ये लोक जेवढ्या कमांड देतात त्यातल्या ११ टक्क्यांहून जास्त एकट्या पेस्टच्या असतात, आणि पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू, बोल्ड या पाचांची बेरीज ३२ टक्क्यांच्या आसपास जाते. शेकडो कमांडचा पसारा आणि एक तृतीयांश काम पाचांवर! रिबनच्या सुरुवातीलाच पेस्टचं एवढं मोठं बटण का आहे ते यावरून कळतं.

तर आकडे हवेत हे मान्य. पण माझं म्हणणं एवढंच आहे की जे पाठवताय ते पाठवण्याआधी आम्हाला दाखवा, आमच्याच स्क्रीनवर, जसंच्या तसं, आणि मग विचारा. प्रायव्हसी पॉलिसीतला ‘आम्ही काही तांत्रिक माहिती गोळा करू शकतो’ छापाचा परिच्छेद नको. ‘करू शकतो’ म्हणजे काय, करता की नाही करत?

सगळ्यात आधी क्रॅश आणि वापर या दोन गोष्टी वेगळ्या करा, कारण तुमच्या सेटिंगमध्ये ‘आमचं प्रॉडक्ट सुधारायला मदत करा’ असा एकच चेकबॉक्स असतो आणि त्याच्यामागे दोन्ही कोंबलेलं असतं. मी कुठला मेनू किती वेळा उघडला ही एक गोष्ट झाली, तो निव्वळ आकडा आहे. क्रॅश रिपोर्ट हा प्रकार पूर्ण निराळा. अ‍ॅप कोसळतं तेव्हा जो डंप बनतो त्यात त्या क्षणी मेमरीत जे होतं त्याचा तुकडा असतो. छोट्यातला छोटा डंप, ज्याला मिनिडंप म्हणतात, तो घेतला तरी प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, म्हणजे चालू कामाची मेमरीतली तात्पुरती जागा, त्यात येतो आणि त्या स्टॅकवर मी नुकतंच टाइप केलेलं वाक्य असू शकतं, पासवर्ड असू शकतो, उघडलेल्या फाइलचं नाव असू शकतं. फाइलचा पाथ, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता, तर हमखास सापडतो, आणि विंडोजवर पाथमध्ये यूजर्स फोल्डरच्या पुढे बऱ्याचदा सरळ माणसाचं नाव लिहिलेलं असतं. वर तुम्ही म्हणता रिपोर्ट अनामिक आहे. एरर मेसेजचं पण तेच, डेव्हलपरने सोयीसाठी ‘ही फाइल उघडता आली नाही’ च्या पुढे फाइलचं पूर्ण नाव जोडलेलं असतं, आणि ती फाइल कुणाचा राजीनामा असेल, कुणाचा मेडिकल रिपोर्ट असेल, नावावरूनच कळतं. सेंट्रीसारख्या एरर गोळा करणाऱ्या सर्व्हिसमध्ये पाठवायच्या आधी डेटा गाळायची सोय असते, पण ती जागा आहे म्हणजे तिथे कोणी कोड लिहिलाय असं नाही ना. पाथमधलं नाव खोडणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, करा ते.

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल तर २०१३ च्या डिसेंबरमधली डेर श्पीगल या जर्मन साप्ताहिकाची बातमी आठवा. अमेरिकेची गुप्तचर संस्था एनएसए विंडोजचे क्रॅश रिपोर्ट इंटरनेटवरून जाताना मधेच टिपून घेत होती, का तर एखाद्या मशीनवर काय चालतं आणि कुठे कमकुवत आहे याची त्यातून आयती माहिती मिळते म्हणून. विचार करा, मदत म्हणून पाठवलेला रिपोर्ट आणि वाचतोय भलताच.

आता विचारण्याबद्दल. डीफॉल्ट, म्हणजे आम्ही काहीच निवडलं नाही तर जे लागू होतं ते, चालू ठेवायचं की बंद, यावर तुमच्यात वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. डीफॉल्ट बंद ठेवलं तर फार कमी लोक स्वतःहून चालू करतात आणि जे करतात ते सगळ्या वापरकर्त्यांसारखे नसतात, त्यामुळे आकडे एका बाजूला झुकतात, हा तुमचा मुद्दा मला पटतो, त्यात खोट नाहीये. पण उलट बाजूनेही झुकतातच की! डीफॉल्ट चालू ठेवलं की जाणकार लोक पहिल्या दिवशी शोधून बंद करतात, आणि मग दोन वर्षांनी तुम्ही म्हणता कीबोर्ड शॉर्टकट बदलायची सोय कोणी वापरत नाही, काढून टाकू. वापरणारे तुमच्या आकड्यांत नव्हतेच तर दिसणार कुठून.

आणि न दाखवता चालू ठेवलं की गोष्ट कुठवर जाते ते बघा. नेदरलँड्सच्या न्याय मंत्रालयाने मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या कॉर्पोरेट आवृत्तीची तपासणी करून घेतली होती, २०१८ च्या नोव्हेंबरात अहवाल आला, त्यात निघालं की २३ ते २५ हजार प्रकारचे इव्हेंट, म्हणजे वापरताना घडलेल्या गोष्टींच्या नोंदी, मायक्रोसॉफ्टला जातात आणि २० ते ३० इंजिनिअरिंग टीम त्यावर काम करतात. स्पेलचेक किंवा भाषांतर वापरलं तर ती वाक्यं, ईमेलच्या सब्जेक्टची ओळ, असलं काहीबाही त्यात जाऊ शकतं असं अहवालात होतं. पंचवीस हजार! माझा तर असा अंदाज आहे की त्या कंपनीतल्या कुणा एका माणसालासुद्धा पूर्ण यादी माहीत नसेल, प्रत्येक टीमने आपापले शे-दोनशे इव्हेंट घातले आणि जुने कोणी काढले नाहीत. म्हणून तर मी म्हणतो की दाखवा. यादी वापरकर्त्यासमोर मांडायची आहे असं ठरलं की मीटिंगमध्ये कोणीतरी नक्की विचारेल, अरे हा इव्हेंट कशाला आहे, आणि निम्मी यादी तिथेच गळेल. विंडोज १० मध्ये तर डेटा बघायचं टूल त्याच कंपनीने २०१८ मध्येच, या अहवालाच्या आधी दिलं होतं, आणि अहवालानंतर ते ऑफिससाठीही आलं, म्हणजे करता येतं. फक्त ऑफिसच्या बाबतीत आधी बोभाटा व्हावा लागला.

नुसतं विचारून पण भागत नाही हे ऑडॅसिटीच्या प्रकरणात दिसलं. आवाजाचं एडिटिंग करणारं एवढं लाडकं सॉफ्टवेअर, २०२१ मध्ये म्यूझ ग्रुपकडे गेलं आणि मे महिन्यात त्यांनी टेलिमेट्री घालायचा बदल मांडला. ते म्हणत होते की आधी विचारू, डीफॉल्ट बंदच राहील. तरी लोक खवळले, कारण आकडे जाणार होते गूगल अ‍ॅनालिटिक्स आणि यांडेक्स मेट्रिका या बाहेरच्या कंपन्यांच्या आकडे मोजणाऱ्या सेवांकडे. म्हणजे विचारणारा एक आणि घेणारा तिसराच. शेवटी वापराचे आकडे घेणं रद्द केलं, क्रॅश आणि एररचे रिपोर्ट तेवढे ठेवले आणि तेही दर वेळी विचारून, स्वतःच्या सर्व्हरवर. मला विचाराल तर ही शेवटची व्यवस्था चांगलीच होती. पण मग जुलैमध्ये प्रायव्हसी पॉलिसी आली आणि तिची भाषा इतकी मोघम होती की परत आग लागली. वकिलाकडून लिहून घेतलेला मजकूर वापरकर्त्यासमोर टाकायच्या आधी एकदा मोठ्याने वाचून बघत जा.

याच्या शेजारी गो या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी काय केलं ते ठेवून बघा. २०२३ च्या फेब्रुवारीत गोच्या टीममधल्या रस कॉक्स यांनी गोच्या टूल्ससाठी टेलिमेट्रीचा प्रस्ताव मांडला, विचार बारकाईने केला होता पण डीफॉल्ट चालू. लोकांनी झोडपलं. त्यांनी ऐकलं आणि डीफॉल्ट फिरवलं, २०२४ मध्ये गो १.२३ बरोबर जे आलं त्यात आकडे मोजले जातात ते फक्त तुमच्याच मशीनवर, फाइलमध्ये पडून राहतात, आणि तुम्ही स्वतः कमांड देऊन चालू केलं तरच वर जातात. मोजायचं काय हे सुद्धा आधी जाहीरपणे ठरतं. मला यातली मशीनवरच मोजून ठेवायची कल्पना फार आवडते, कारण त्यामुळे दाखवणं आपोआप होतं, फाइल समोरच आहे, उघडा आणि वाचा. उद्या मला वाटलं की या अ‍ॅपच्या लोकांना मदत करू, तर मागच्या आठवड्याचे आकडे तयार असतात.

कॉक्स यांच्या मांडणीत अजून एक गोष्ट होती ती कंपन्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. प्रत्येक मशीनवरून प्रत्येक दिवशी सगळं घ्यायची गरजच नसते. एखादं फीचर किती टक्के लोक वापरतात हे १ टक्का इकडेतिकडे इतक्या अचूकपणे आणि ९९ टक्के खात्रीने सांगायचं असेल तर साधारण १६,६०० जणांचा रँडम नमुना पुरतो, मग तुमचे वापरकर्ते दहा लाख असोत की दहा कोटी. हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं गणित आहे हो. मग दहा कोटी लोकांचा रोजचा डेटा कशाला साठवताय? पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून साठवलेला डेटा पुढेमागे चोरीलाच जातो.

आणि नाजूक प्रश्न असेल तर त्यालाही उपाय १९६५ पासून आहे. स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकाने सर्व्हेसाठी काढलेली युक्ती, तिचं सोपं रूप असं: उत्तर द्यायच्या आधी गुपचूप नाणं उडवायचं, छापा आला तर खरं सांगायचं, काटा आला तर परत उडवून जे येईल ते हो किंवा नाही म्हणून सांगायचं. मग एकेकट्याच्या उत्तरावरून काही सिद्ध होत नाही, पण हजारोंच्या उत्तरांतून खरी टक्केवारी मात्र काढता येते. गूगलने २०१४ साली क्रोममध्ये याच विचारावर रॅपॉर नावाची पद्धत आणली. म्हणजे गणित आहे, कोड आहे, कमी आहे ती इच्छा.

अजून एक, जे मला जाम खटकतं. ‘आम्ही फक्त एक रँडम आयडी पाठवतो, नाव नाही.’ अहो पण तो आयडी इन्स्टॉल केल्यापासून वर्षानुवर्षं तोच राहिला तर त्याच्यापुढे माझ्या सगळ्या सवयींची माळ तयार होते, मी किती वाजता काम सुरू करतो, सुट्टी कधी घेतो, सगळं. शिवाय प्रत्येक रिपोर्टबरोबर आयपी अ‍ॅड्रेस तुमच्या सर्व्हरपर्यंत येतोच, तुम्ही तो मागितला असो वा नसो. मग तो लॉगमध्ये ठेवता की टाकता हे सांगा ना. आयडी दर महिन्याला बदला, नाहीतर ठेवूच नका, एखादा आकडा मोजायला आयडी लागतोच कशाला.

तांत्रिक बाजूचं एकच गाऱ्हाणं. तुमचा टेलिमेट्रीचा कोड अ‍ॅपच्या मुख्य कामात पाय घालू नये. इंटरनेट नसलं किंवा तुमचा सर्व्हर झोपला तर अ‍ॅप बंद होताना लटकतं, हा अनुभव कित्येकांना आहे. मोठमोठ्यांचं पण होतं बरं का. १३ जानेवारी २०२२ ला जगभरातली फायरफॉक्स गोठली होती. नेटवर्कच्या कोडमध्ये एचटीटीपी ३ या वेबवरून डेटा नेण्याच्या नव्या पद्धतीसंबंधीचा एक बग दडून बसला होता, ज्यांच्या सर्व्हरवर टेलिमेट्री जाते त्या क्लाउडवाल्यांकडे सेटिंग बदललं, आणि टेलिमेट्री पाठवायला गेलेली ब्राउझर न संपणाऱ्या लूपमध्ये अडकली. टेलिमेट्री बंद केली की ब्राउझर परत चालू! फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने नंतर नेमकं काय झालं ते सविस्तर लिहून जाहीर केलं, ते त्यांचं मोठेपण, पण आकडे पाठवता येत नाहीत म्हणून माझं काम थांबावं याच्याइतकी उलटी गोष्ट नाही.

बरं, मोझिलाचं नाव निघालंच आहे तर हेही सांगायला हवं की दाखवण्याच्या बाबतीत ते बाकीच्यांच्या पुढे आहेत. अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट कोलन टेलिमेट्री टाइप केलं की काय काय नोंदवलंय ते समोर येतं, आणि पाठवलेल्या क्रॅश रिपोर्टची यादी अबाउट कोलन क्रॅशेसमध्ये असते. सिंकथिंग नावाचं फाइल सिंक करणारं सॉफ्टवेअर वापराची माहिती पाठवू का विचारताना नेमकं काय जाणार त्याचा प्रीव्ह्यू देतं आणि गोळा झालेले आकडे सगळ्यांना बघायला उघडे ठेवतं. लिनक्सवरच्या केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये २०२० च्या ५.१८ व्हर्जनपासून एक स्लायडर आहे, सुरुवातीला बंद, सरकवत नेलं की कुठल्या टप्प्यावर काय जाईल ते खाली दिसतं. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात तर इन्स्टॉल करतानाच विचारतात की कुठली पॅकेज वापरता ते कळवू का, आणि आधीपासून निवडलेलं उत्तर ‘नाही’ असतं. बघा म्हणजे, हे स्वयंसेवकांना जमतं. पैसे घेऊन सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना अवघड का जावं?

डॅशबोर्डवाल्यांना मी वर जरा जास्तच म्हटलं होतं, ते आता. आकडा काय झालं ते सांगतो, का झालं ते नाही. विंडोज ८ बनत असताना २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने आकडे देऊन सांगितलं होतं की व्हिस्टा ते विंडोज ७ या प्रवासात स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटलाय. घटला असेल, लोक टास्कबारवर अ‍ॅप पिन करायला लागले होते. पण कमी वेळा उघडणं आणि नको असणं यात फरक आहे की नाही? विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटणच गेलं, लोकांनी जो गोंधळ घातला तो सगळ्यांना माहीत आहे, २०१३ मध्ये ८.१ बरोबर बटण परत आलं आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर मेनू पण परत आला. बॅकअपमधून रिस्टोर करायचं बटण माणूस वर्षातून एकदा दाबतो, तुमच्या चार्टवर ते तळाला असणार, म्हणून काढणार का? तेव्हा फीचर काढायच्या आधी चार वापरकर्त्यांशी बोला, चार्ट बघून झाल्यावर का होईना.

शेवटची मागणी, आणि माझ्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी. आम्ही जे पाठवतो त्याचं पुढे काय झालं ते कळवा. क्रॅश झाला, खिडकी आली, तीन ओळी मनापासून लिहिल्या, पाठवा दाबलं, आणि विषय संपला. कोणी वाचलं का, इतर कुणाला होतंय का, कधी दुरुस्त होणार, काही नाही. विहिरीत दगड टाकला तर निदान डुबुक तरी ऐकू येतं. तुमच्याकडे रिपोर्ट एकसारख्या कारणांच्या ढिगात लावलेले असतात, त्या ढिगाला नंबर असतो, तो नंबर मला द्या. पुढच्या अपडेटनंतर अ‍ॅप उघडलं की एक ओळ दाखवा, तुम्ही पाठवलेला अमुक क्रॅश या व्हर्जनमध्ये दुरुस्त केलाय. माझं नाव नको, ईमेल नको, नंबर माझ्याच मशीनवर पडलेला आहे, अ‍ॅपने तो रिलीजच्या यादीशी जुळवून बघायचा एवढंच काम. असं एकदा झालं ना तर पुढच्या वेळी तुम्ही विचारायच्या आधी मी चेकबॉक्स चालू करेन, आणि मला वाटतं बरेच जण करतील.

उत्तर द्यायचं असेल तर वेगळं पत्रक काढू नका, पुढच्या व्हर्जनच्या रिलीज नोट्समध्येच द्या. या वेळी किती इव्हेंट यादीतून काढले, कुठले नवीन घातले आणि कशासाठी, आणि आमच्या रिपोर्टवरून कुठले क्रॅश सुटले. ‘बग फिक्स आणि परफॉर्मन्स सुधारणा’ एवढंच लिहिलेलं असेल तर तेही आम्ही उत्तर म्हणूनच घेऊ.

तुमचं सॉफ्टवेअर रोज उघडणारा,
एक वापरकर्ता